कानबाईचा रोट, घरपोच

मी सुनेला नावं ठेवते असं गल्लीत बोलतात. ठेवते. पण कामिनीने दोंडाईच्यात बसून जे उभं केलं ते गल्लीतल्या एकीलाही जमलेलं नाही, हेही मीच सांगते. जळगावहून लग्न होऊन आली तेव्हा तिच्या हातात मोबाइल आणि माझ्या हातात खलबत्ता. मी मिरची कुटत असतानाचा व्हिडिओ तिने टाकला आणि बघता बघता आमचा काळा मसाला, ज्वारीच्या बिबड्या, कळण्याच्या भाकरीचं पीठ पार कोल्हापूर-नागपूरला जायला लागलं. ती ऑर्डरी घ्यायची, मी कुटायचे, माझा भूषण पाकिटं भरून कुरिअरला टाकायचा. एकुलता एक पोरगा. दुसऱ्याच्या मिरचीच्या गोदामात खोकून खोकून अर्धा झाला होता, तो स्वतःचा मालक झाला. त्याच्या अंगावर पुन्हा मांस चढलेलं बघितलं आणि सुनेचं बाकी सगळं मी पोटात घातलं.

रोटाचं तेवढं घालता आलं नाही.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांचा, जाड पोळ्यांचा, गहू घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मुठीने मोजायचा. मूठ जिवंत माणसाचीच, गेलेल्याची मोजत नाहीत. आणि तो रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. शेजाऱ्याला नाही, लग्न झालेल्या लेकीलाही नाही. खरकटंसुद्धा अंगणात खड्डा करून पुरायचं. माझ्या सासूने मला असं शिकवलं, तिला तिच्या सासूने.

गेल्या श्रावणात कामिनीने रोटांचा व्हिडिओ टाकला. खाली रांगच लागली, आम्हालाही पाठवा, आम्हालाही पाठवा. तिने लगेच लिहून टाकलं, ‘कानबाईचा रोट, घरपोच.’

“रोट घरबाहेर जात नही, कामिनी,” मी म्हणाले. “जो खाई तो घरना व्हई जाई.”

“आई, प्रसाद आहे. वाटला तर पुण्यच लागेल.”

“तू वाटी नही ऱ्हायनी, पैसा लिसन इकी ऱ्हायनी.”

मी बोलून बोलून घसा कोरडा केला. भूषण हसला, खोकी मोटरसायकलला बांधली आणि गेला.

दिवाळीच्या आसपास कामिनी मला एक निरोप वाचून दाखवायला आली. कोणी नवीन नावाचा पोरगा, नागपूरचा. रोट मागवलेला. त्याने लिहिलं होतं, ‘काकू, नानाना गुडघा कसा शे?’

नाना म्हणजे आमचे हे, गिरधर. त्यांचा गुडघा आदल्या दिवशी मोरीत घसरून सुजला होता. घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. आणि नागपूरचा पोरगा आमच्या बोलीत बोलतोय!

“ग्राहक किती जीव लावतात बघा,” कामिनी म्हणाली. तिला त्याचं कौतुकच वाटलं. मला मात्र पाठीवर गार पाण्याचा हात फिरल्यासारखं झालं.

मग असे निरोप येतच राहिले. ज्यांनी रोट खाल्ला त्यांचेच, आणि सगळे आमच्या बोलीत. कोणी मला काकू म्हणे, कोणी कामिनीला वहिनी. आमचं मागचं दार नीट लागत नाही, हे कोल्हापूरच्या बाईला माहीत. एका सकाळी देवघरातली समई पेटेना. वात बदलली, तेल बदललं, काडी लावली की विझायची. तेवढ्यात सुरतेहून निरोप आला, ‘आमना आबा गयात. तुमले सुतक शे.’ त्यांचं सुतक फिटेपर्यंत आमची समई पेटली नाही. फिटलं त्या सकाळी पहिल्याच काडीला पेटली. त्या दिवसापासून कामिनीचंही हसणं कमी झालं.

“या वर्षी रोट विकायचा नाही,” ती स्वतःच म्हणाली. पण लोक विचारत होते, म्हणून गहू मोजण्याचं तेवढं लाइव्ह करू, दुरून दर्शन घेतील, असं ठरलं.

आज सकाळी मी सूप घेऊन बसले. समोर कामिनी मोबाइल धरून. माझ्या मागे भूषण काट्यावर मसाला तोलत होता, मधेच शिंकत होता. पहिली मूठ मी नानांची टाकली. मोबाइलवर लाल बदाम उडायला लागले. दुसरी मूठ भूषणची घेतली, नाव घेतलं, सुपात टाकली.

बदाम थांबले.

कामिनीने वाचलं, “नवीन लिहितोय. काकू, ती मूठ वापस टाकी द्या.” मग दुसऱ्याचं तेच. मग तिसऱ्याचं. सगळ्या पडद्यावर तेवढंच.

“कसाले रे?” मी मोबाइलवर ओरडले.

कामिनीने उत्तर वाचलं. “जित्ता माणूसनीच मोजतस ना, काकू.”

मी मागे वळून बघितलं. भूषण पाकिटाला चिकटपट्टी लावत होता. “आई, काय व्हयनं?” तो म्हणाला. “मी आठेच शे ना.” इथेच होता, माझ्या हाताच्या अंतरावर.

कामिनीने लाइव्ह बंद केलं, तरी फोटो येत राहिले. खुर्चीत बसलेले पुरुष, गळ्याभोवती टॉवेल, डोक्यावर वस्तरा. खाली एकच शब्द, ‘निघनूत.’ म्हणजे निघालेत. मी भूषणला म्हटलं, आज मोटरसायकलला हात लावायचा नाही, उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. तो हसला, पण ऐकलं.

दुपारच्या गाडीने ते आले. स्टेशनाकडून चालत, डोकी भादरलेली, खांद्यावर पांढरी उपरणी. फाटकाबाहेर चपला काढल्या आणि अंगणात येऊन बसले.

“कधी निघालात?” कामिनीने विचारलं.

“काल रात्री, वहिनी,” पुढचा पोरगा म्हणाला. तोच नवीन. लाइव्ह तर आज सकाळचं, म्हणजे मी मूठ मोजायच्या आधीच यांनी डोकी भादरली होती.

भूषण तांब्या घेऊन त्यांच्यापुढे गेला. घरी आलेल्याला पाणी विचारायचं, हे मीच त्याला शिकवलंय. “कोणाकडे आलात, भाऊ?”

“दारवर उनूत,” नवीन म्हणाला.

दारवर येतात ते मयताच्या घरी. भूषणने विचारलं, “कोण गेलं?” कोणी पाणी घेतलं नाही. सगळे त्याच्याकडे मायेने बघत राहिले, सख्ख्या भावाकडे बघावं तसे. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ते दोन रांगा करून बसलेत आणि मधे जागा सोडलीय. एक माणूस आडवा होईल एवढी.

मी धावत गेले, भूषणचा हात धरून त्याला ओढत घरात आणला, कडी लावली. मागच्या दाराला कामिनी पाठ लावून उभी आहे. नाना देवाचं नाव घेताहेत. भूषण म्हणतो, आई, हात दुखतोय, सोड. मी सोडत नाही. हात गरम आहे, नाडी लागते, मी बोटाने मोजतेय.

“दमलोय, जरा पडतो,” आत्ता तो म्हणाला.

“बैस,” मी म्हटलं. “आडवा पडू नको.”

बाहेरून नवीनचा आवाज आला, अगदी हळू, घरच्या माणसासारखा.

“ऱ्हाऊ द्या, काकू. घाई नही. आम्ही बठ्ठा भाऊबंद आठेच शेतस.”