मी पेशींचे तळवे पाहिले

आमच्या संशोधन संस्थेत पेशींवर काम करणाऱ्या बाईंच्या थोरल्या बहिणीला जुळं झालं, त्या वर्षी मी खोक्यातून बाहेर आलो. मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पण साधासुधा नाही. माझा दिवा वर आणि भिंगं खाली. दुसरे सूक्ष्मदर्शक पेशींना वरून बघतात, मी खालून त्यांचे तळवे बघतो. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

माझं टेबल संस्थेच्या सुतारकाकांनी केलं. शेजारचं यंत्र कितीही घरघरलं तरी माझं चित्र हलत नसे. पुढे काकांच्याच यकृतात कर्करोगाची गाठ निघाली. शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या परवानगीने गाठीचा तुकडा बाईंकडे आला आणि बाईंनी त्यातल्या पेशी वाढवल्या.

आपल्या शरीरात पेशींच्या थराखाली प्रथिनांचा पातळ पडदा असतो. कर्करोगाच्या पेशी आधी त्याला धरतात, मग तो फोडून पसरतात. त्या कशाला धरतात, हे बाई शोधत होत्या.

"माझ्या अंगात कोण ठाण मांडून बसलंय, ते मरायच्या आधी एकदा बघू दे गं," काका म्हणाले.

बाईंनी प्लास्टिकच्या ताटलीतल्या काही खळग्यांना त्या पडद्यातलं लॅमिनिन नावाचं प्रथिन लावलं, काही कोरे ठेवले. मग पेशी सोडल्या आणि थोड्या वेळाने हलकेच धुतल्या, म्हणजे न धरलेल्या पेशी वाहून जातील. काका खुर्चीत धापा टाकत बसले होते.

लॅमिनिनवर पेशीच पेशी! बाईंचे वरिष्ठ, मोठे सर, खूश झाले. "झालं काम! संस्था बघायला येणाऱ्या पाहुण्यांना हेच दाखवू."

बाईंनी ताटली सरकवली. कोरे खळगेही भरलेले! उघडं प्लास्टिक आधी दुसऱ्या साध्या प्रथिनाने झाकायचं असतं. गडबडीत ते राहिलं होतं, आणि पेशी प्लास्टिकलाच चिकटल्या होत्या.

"सर, हे खरं नाही."

"अहो, कोरे खळगे कोण बघायला जातंय?"

"मी बघितले ना." बाई काकांकडे वळल्या. "काका, परत करावं लागेल. पुन्हा याल?"

"घाई मला आहे, पोरी. पण घाई आहे म्हणून वाकडं दार मी कधी बसवलं नाही. टिकलो तर येतो."

काका आले, पुतण्याच्या खांद्यावर भार टाकून. या वेळी कोरे खळगे स्वच्छ होते. लॅमिनिनवर पेशी पाय फाकून बसल्या होत्या. माझं चित्र इतकं स्पष्ट कधीच पडलं नव्हतं.

"बसलेत बघ, जावयासारखे!" काका हसले, खोकले. "आणि हा खळगा रिकामा कसा?"

"तिथे लॅमिनिन आहे, पण दुसरं एक प्रथिन घालून पेशींचे धरायचे हातच बांधून टाकलेत. धुतल्यावर वाहून गेल्या."

"मग हे औषध झालं?"

"नाही काका. औषध अजून फार लांब आहे. कुठे धरतात, एवढंच कळलं."

"खिळा कुठे मारलाय ते कळल्याशिवाय फळी निघते होय?" म्हणत काकांनी पुन्हा डोळा लावला. बराच वेळ ते हलले नाहीत.

आता नवी यंत्रं आली आहेत, मी कोपऱ्यात असतो. मित्रांनो, भिंगाला ओलं बोट लावू नका, काम झालं की आवरण घाला. आणि कोरा खळगा पाहिल्याशिवाय आनंदून जाऊ नका. मी काकांना जे दाखवलं, ते खरं होतं.

काकांनी त्या पेशी पाहिल्या, त्याच्या पुढच्याच महिन्यात, थंडी सुरू होताना, एका सोमवारी सकाळी सुतारकाका वारले.