गुलाबाखालची नखी

कापसाच्या बोळ्याला लागलेला गुलाबी रंग तिने खिडकीशी धरून पाहिला — अडीचशे वर्षांपूर्वीचा नव्हेच हा, मागाहून कुणीतरी चढवलेला. जुनी चित्रं साफ करण्यात तिचे केस पांढरे झाले होते, एवढं तिला कळत होतं — आणि मग भिंगातून पुन्हा चित्रातल्या पोरीच्या मुठीकडे. पाकळी पुसली गेली तिथून एक काळी, वाकडी नखी बाहेर आली होती. ससाण्याची. म्हणजे शिकारीच्या या चित्रात सात-आठ वर्षांच्या पोरीच्या मुठीवर ससाणा होता, आणि अशा चित्रांत ससाणा ज्याच्या मुठीवर, घराण्याचा वारस तो. ते कुणाच्या तरी डोळ्यांत खुपलं. पक्षी बुजवला, हाती गुलाब दिले. पोरगीच ती, शोभतात फुलं!

तिच्या स्वतःच्या लहानपणीचा, नदीकाठचा तो फोटो... हातभर मासा, तिनेच ओढून काढलेला, तळहातावर दोरीचे वळ — आणि बाबा म्हणाले, "दादाकडे दे गं, तो मोठा आहे." आईने तिचे हात साबणाने खसाखसा धुतले. "फोटोत वास येतो का?" तिने विचारलं. सगळे हसले. मग तिच्या हातात बाहुली आली, आणि फोटो निघाला. दादाच्या दिवाणखान्यात तो फोटो अजून आहे. आल्यागेल्याला तो माशाची गोष्ट रंगवून सांगतो. आता तर त्याला स्वतःलाही ती खरी वाटते.

"बाई," संग्रहालयाचे साहेब दारातूनच म्हणाले, "शुक्रवारी हे चित्र देणाऱ्या घराण्यातली माणसं येतायत. गुलाब तेवढे राहू द्या. उगाच चिडून चित्र परत मागितलं तर?"

"खाली ससाणा आहे, साहेब."

"असेल हो. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं का त्याच्यावाचून?"

कुणाचं... साहेबांची पावलं जिन्यात विरली. चित्र जाईल, कदाचित हे कामही जाईल. जाऊ दे. मला कुणी विचारलं होतं, बाहुली हवी का म्हणून? तिने काडीला नवा बोळा गुंडाळला, द्रावणात बुडवला. दुसरी पाकळी. फुलं धरायला कुणी एवढी मूठ आवळतं का — हे इतके दिवस आपल्याला कसं दिसलं नाही? तिने हात नाकाशी नेला. द्रावणाचा उग्र दर्प. पण त्याखाली, चाळीस वर्षं धुतलेल्या तळव्यातून, माशाचा वास येत होता... आणि तिला हात धुवावेसे वाटेनात.