आभारप्रदर्शन बाकी आहे

माझा सत्कार सुरू झाला तेव्हा मला मिसरूड फुटत होतं. आता मिशा पांढऱ्या झाल्या, आणि आभारप्रदर्शन अजून बाकी आहे. मी कॉलेजच्या सभागृहात व्यासपीठावर बसलोय, उजवीकडून दुसरी खुर्ची. कुणाला थाप वाटत असेल तर त्यानं स्वतः येऊन बघावं. दार उघडंच असतं, आत येणाऱ्यांसाठी.

घडलं ते असं. मी, दस्तगीर मुलाणी, विद्यार्थी सचिव म्हणून निवडून आलो. आमच्या समाजाची सगळी पोरं त्या कॉलेजात एका बाकावर मावायची आणि वर दप्तरांना जागा उरायची. तेवढ्या मतांवर कुणी शिपाईसुद्धा होत नाही. पण प्रचारात मी एकच गोष्ट बोललो होतो. अभ्यासिका उघडीन.

ग्रंथालयामागे एक लांबलचक खोली आहे. तिथं पंखे आहेत, ट्यूबलाइट आहेत, टेबलं आहेत. तिची चावी विद्यार्थी सचिवाकडे असते, ही त्या कॉलेजची जुनी पद्धत. आजवरचे सचिव आपल्या दोस्तांना घेऊन आत कॅरम खेळायचे आणि जाताना कुलूप लावायचे. ज्यांच्या घरी एकच खोली आणि तीत सगळं खानदान, अशी पोरं बाहेर पायरीवर पुस्तक घेऊन बसायची. बागवान गल्लीतली, वडारवाडीची, पारध्यांच्या पालावरची. पायरी मोठी होती. मतं तिथून आली.

पायरीवर सगळ्यांत पुढे मुमताज बागवान बसायची. निकाल लागला त्या दिवशी ती म्हणाली, "दस्तगीरभाई, परीक्षा परवा आहे. या खेपेला नापास झाले तर अब्बा गाडीवर बसवणार, केळी विकायला."

"आज सत्कार आहे. तो झाला की चावी आणतो," मी म्हणालो.

"किती वेळ लागेल?"

"सत्काराला किती लागतो?"

चावी तबकात ठेवलेली होती, हाराशेजारी. आधी सत्कार, मग सत्कारमूर्तीचं मनोगत, मग चावी, शेवटी आभारप्रदर्शन. प्राचार्य राजोपाध्ये सरांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि कानाशी वाकून म्हणाले, "हसत राहा मुलाणी. फोटो चाललाय."

मी हसलो. सूत्रसंचालक होते प्रा. खासनीस. त्यांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "किती शुद्ध मराठी बोलतो हा मुलगा."

मी अजून एक शब्दही बोललो नव्हतो. आमच्या घरी भांडणंही मराठीतच होतात, हे त्यांना सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तर टाळ्या वाजल्या आणि कुणीतरी दुसरी शाल आणून घातली. ती खांद्यावर पडली तसं समोरचं टेबल तबकासकट एक वीत मागे सरकलं.

"इतक्या प्रतिकूल घरातून आलेला असूनही हा स्वच्छ राहतो," खासनीस म्हणाले. तिसरी शाल आली. टेबल आणखी एक वीत मागे.

"सर, मनोगत?" मी विचारलं.

"होईल ना," प्राचार्य म्हणाले. "घाई काय आहे? सत्कार तर होऊ दे."

एवढ्यानं मला नियम कळला. एक कौतुक म्हणजे एक शाल, आणि एक शाल म्हणजे एक वीत. व्यासपीठाच्या फळ्या शांतपणे लांबत होत्या. माइकची दांडी आधी उसाएवढी दिसत होती, मग काडीएवढी, मग खिळ्याएवढी. मी उठून चालत गेलो असतो, पण उठलो की प्राचार्यांचा हात खांद्यावर यायचा. त्यांचा हातही फळ्यांबरोबर लांबला होता.

तुम्ही म्हणाल, शाली काढून फेकायच्या होत्यास. तसं करता येत नाही. आमच्या अब्बांना एकदा गावच्या जत्रेत पाटलांनी फेटा बांधला होता. बांधणारा उठून जाईपर्यंत फेटा उतरवायचा नाही, नाहीतर त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं होतं. पाटील गप्पांत रमले. अब्बा तापानं फणफणत होते, तरी डोक्यावर फेटा धरून बसून राहिले. हे आमच्या हाडात आहे. आणि सभागृहात तर नियम असा, की प्रमुख पाहुणे उठल्याशिवाय कुणीच उठायचं नाही.

प्रमुख पाहुणे झोपले होते. तोंड उघडं टाकून झोपले होते, आणि त्यांच्या तोंडात चिमणीनं घरटं केलं होतं.

"पाहुणे कधी उठतील?" मी प्राचार्यांना विचारलं.

"पिल्लं उडाल्यावर."

"मग उडतील की."

"उडतात. पण मग ती परत अंडी घालते."

अशी वर्षं गेली. कॉलेजनं आम्हाला प्रोत्साहन देण्यात काही कसूर केली नाही. वडारवाडीचा यल्लप्पा निवडून आला, त्यालाही वर घेतलं आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. त्याच्यावर इतक्या शाली पडल्या की वर फक्त एक डोळा दिसतो.

"यल्लप्पा, आहेस का?"

"आहे."

"कसं वाटतंय?"

"गरम होतंय."

वंचितांच्या नेतृत्वाला पाठबळ दिल्याबद्दल वरून कॉलेजला एक पुरस्कार मिळाला. पुरस्कार शालीच्याच रूपात आला. आणणाऱ्यानं विचारलं, कुणाला घालू? प्राचार्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

खाली प्रेक्षक बसलेत. प्रत्येक टाळीला ते एक रांग पुढे सरकतात. आधी त्यांचे चेहरे दिसत नव्हते, आता पहिल्या रांगेचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागलेत. टाळ्या माझ्या कानाजवळ वाजतात. मधल्या वेळात ते आपसात बोलतात, आणि मला ऐकू यावं एवढ्या बेतानं बोलतात.

"एवढं केलं, तरी याचं तोंड बघ."

"लाडच फार झालेत यांचे."

"चावी पाहिजे म्हणे. उद्या सही पाहिजे म्हणतील."

"शाल खरी काश्मिरी आहे हो. आम्हाला कुणी रुमाल तरी दिला का?"

पाठीमागे कापडी फलक आहे. त्यावर 'आम्ही तुमच्या पाठीशी आहोत' असं लिहिलंय, आणि तो खरोखरच पाठीशी आहे. दरसाल थोडा पुढे येतो. त्याची लाकडी चौकट आता माझ्या मणक्यात रुतते. मान वळवली तर फलकावरचा माझा फोटो नाकाला लागतो. फोटोत मी हसतोय.

डाव्या हाताला, फार लांब, एक खिडकी आहे. तिच्यातून अभ्यासिकेची पायरी दिसते. माझ्या मिशा पिकल्या तरी मुमताज अजून तेवढीच आहे, दोन वेण्या आणि मांडीवर पुस्तक. पायरीवर परीक्षा कायम परवा असायची. इथला सत्कार संपत नाही तोवर तिथला दिवस उलटत नाही, असं मी धरून चाललो होतो. खरं सांगायचं तर त्याच आधारावर मी इतकी वर्षं हसत बसलो.

मग एक दिवस मुमताज पायरीवरून उठली आणि खिडकीशी आली. तिचा आवाज माझ्यापर्यंत यायला एक अख्खं स्वागतगीत लागलं.

"दस्तगीरभाई, परीक्षा उद्यावर आली."

"अशी कशी आली?"

"आली. सकाळी उठले तर उद्यावर होती. अब्बांनी गाडी धुऊन ठेवलीय."

"मला उठता येत नाही गं."

"माहितेय. बसूनच राहा. शाल काढू नकोस." तिनं डोळे बारीक केले. "तुझ्या उजव्या बाहीपाशी धागा लोंबतोय. तो ओढ."

मी धागा ओढला. शाल उतरवणं हा अपमान. ती बसल्या जागी उसवणं हा काय आहे, याबद्दल अब्बा काही बोलले नव्हते, पाटीलही बोलले नव्हते. कॉलेजच्या नियमातही ते नव्हतं. धागा निघत गेला, वरची शाल काठापासून कमी होत गेली. मांडीवर धाग्याचा ढीग झाला.

पाहुण्यांच्या तोंडातली चिमणी घरट्याच्या काठावर येऊन तो बघत होती. धागा म्हटल्यावर तिला राहवेना. तिनं टोक चोचीत धरलं आणि उडाली. मुमताजनं खिडकीत केळ्याचा तुकडा धरला. बागवानाची पोरगी, तिला पाखरं माहीत. चिमणीला केळं हवं होतं आणि धागाही सोडवत नव्हता. ती आधी दमून तबकावर उतरली, चावीच्या कडीत शिरली, घरटं विणतात तसा तिनं कडीला फेरा दिला, गाठ पडली, आणि टोक घेऊन ती खिडकीत पोचली.

मुमताजनं टोक पकडलं आणि ओढलं. मी इकडून धागा ताणून धरला. चावी तबकातून उचलली गेली आणि प्रेक्षकांच्या डोक्यांवरून, हवेतून, खिडकीकडे निघाली. धागा ढिला पडला तर ती टाळ्या वाजवणाऱ्यांच्या मांडीवर पडली असती, आणि एकदा तिथं पडलेलं परत मिळत नाही. म्हणून तिनं ओढायचं आणि मी तेवढाच सोडायचा.

वरच्या शालीचा धागा संपला. मी दुसरीचा जोडला. दुसरी संपली, तिसरी. माझ्या अंगावर वारा लागायला लागला. किती वर्षांनी लागला, याचा हिशोब यल्लप्पानं केला असता, पण तो म्हणाला, "माझ्याही घे. पाय सुन्न झालेत." त्याच्याही घेतल्या. हळूहळू त्याचा दुसरा डोळा दिसला, मग नाक.

खासनीसांच्या लक्षात आलं. ते माइकवर म्हणाले, "आपले सत्कारमूर्ती आज किती सुटसुटीत दिसतायत."

लगेच एक शाल आली. खिडकी एक वीत लांब गेली.

मी ती शाल उसवली. त्यांनी म्हटलं, "साधेपणा बघा यांचा." आणखी एक शाल, आणखी एक वीत. मग बराच वेळ हेच चाललं. ते घालत होते, मी उसवत होतो, चावी पुढे जात होती आणि खिडकी मागे जात होती. प्राचार्य वाकले.

"मुलाणी, हे काय चाललंय?"

"सत्कार, सर."

"हसत राहा."

"हसतोय."

शेवटी शिपाई रिकाम्या हातानं आला. शाली संपल्या होत्या. गावातलं कापडाचं दुकान त्यांनी कधीच रिकामं केलं होतं. पहिल्या रांगेतला एकजण आपल्या अंगातला सदरा काढायला लागला, पण बायकोनं त्याला खाली बसवलं. मला बरं वाटलं. माझ्या हातात शेवटच्या शालीची शेवटची दशी होती, खिडकी आता मागे जात नव्हती, आणि चावी थोडीच अलीकडे होती.

दशीही संपली.

मुमताज ओढत होती. धागा येत होता. मी खाली बघितलं तर तो माझ्या उजव्या मनगटातून येत होता. दुखत नव्हतं. बोटं आधीच गेली होती. कोपरापर्यंत हात सरळ निघाला, खांद्यापाशी थोडी गाठ होती, ती यल्लप्पानं सोडवली.

"थांबवू का तिला?" त्यानं विचारलं.

"नको."

"काही दिसतंय का तुला तिकडं?"

"पायरी दिसतेय. सगळी पोरं उठून उभी आहेत."

दुसरा हात गेला, मग पायांकडून वर. मला वाटलं होतं की माझ्यात फार धागा नसेल. घरची परिस्थिती तशीच होती. पण निघाला. पहिल्या रांगेचे गुडघे आता रिकाम्या खुर्चीला लागत होते. फलक पाठीशी होता, पाठ नव्हती. आता धागा ताणून धरायला हात नाहीत, मी दातांनी धरलाय.

आत्ताच चिमणीची पिल्लं उडाली. चिमणी खिडकीत केळं खातेय, तिला परत अंडी घालायची आठवण नाही. पाहुण्यांनी तोंड मिटलं, डोळे उघडले, आणि ते उठून उभे राहिले. सगळं सभागृह उभं राहिलं. फळ्या खटाखट आखडल्या. खिळ्याएवढा माइक पळत आला आणि माझ्या ओठांपुढे येऊन थांबला.

"आता सत्कारमूर्तींचं मनोगत," खासनीस म्हणाले.

टाळी वाजली नाही. इतकी शांतता इथं पहिल्यांदाच आहे. प्राचार्यांनी रिकाम्या तबकाकडे बघितलं, मग धाग्याकडे, मग लांब खिडकीकडे. फळ्या आखडल्या, पण खिडकी भिंतीत आहे, ती जवळ आली नाही. ते माझ्याकडे वळले आणि पहिल्यांदाच मला अहोजाहो केलं.

"बोला मुलाणी. किती वर्षं बोलायचं म्हणत होतात. सगळे ऐकतायत. ते तोंडातलं सोडा आणि बोला."

खिडकीच्या गजांतून मुमताजचा हात खांद्यापर्यंत बाहेर आलाय. बोटं ताणलेली आहेत. चावी तिच्या बोटांपासून एक वीत अलीकडे हवेत लोंबतेय, आणि माझ्याकडे आता एक वीतच धागा उरलाय, हनुवटीपासून ओठांपर्यंतचा.