कामाच्या कार्डावरचे मजले

डोंगरातल्या त्या गुरुद्वाऱ्याला जायचं ठरलं, तेव्हा आपल्या लिफ्ट मेकॅनिकने सगळ्यात आधी छाती फुगवली. पोट आधीच फुगलेलं होतं. चार हजार मीटरहून जास्त उंची, शेवटी सहा किलोमीटरची खडी चढण, वर बर्फाच्या पाण्याचं तळं आणि मुक्कामाची सोय नाही, त्याच दिवशी खाली उतरायचं. त्याचे भावोजी जन्मभर "एकदा माथा टेकून येऊ" म्हणत राहिले आणि मागच्या वर्षी गेले. त्यांची राहिलेली इच्छा ताईला पुरी करायची होती. साठी ओलांडलेली बाई, एकटी कशी जाणार? "मी आहे ना!" धाकट्या भावाने सांगून टाकलं.

मग सराव सुरू झाला. रोज आपापल्या इमारतीत जिने चढायचे आणि संध्याकाळी फोनवर एकमेकांना मजले सांगायचे. पहिल्याच दिवशी सहाव्या मजल्यावर त्याने बसकण मारली, आणि हे काम माणसाचं नसून खेचराचं आहे, असा त्याला साक्षात्कार झाला. खेचरं तिथे भाड्याने मिळतातही. पण आपण होऊन कसं म्हणायचं? ताईने म्हणावं, मग आपण "बरं बाई, तुझ्यासाठी" म्हणत दुसऱ्या खेचरावर बसावं, असा त्याचा बेत. म्हणजे अब्रूही शाबूत आणि गुडघेही.

ताईला घाबरवायला मोठे आकडे हवे होते, ते त्याच्या खिशातच होते. लिफ्ट दुरुस्त झाली की मेकॅनिकने स्वतः आत उभं राहून खालपासून वरपर्यंत फेऱ्या मारायच्या आणि किती मजले चालवून पाहिली ते कामाच्या कार्डावर लिहायचं, ही त्यांच्या धंद्याची रीत. संध्याकाळी तो कार्ड बघून सांगायचा, "आज चाळीस." म्हटलं तर खोटं नव्हतं, तेवढे मजले तो वर गेलाच होता! मनाची अशी समजूत घालायला फारशी हुशारी लागत नाही.

"चाळीस? बाई गं!" ताई म्हणायची. "माझे आपले बारा."

"दमलीस का? दमलीस तर सांग हो, संकोच नको."

"छे रे, दमतेय कसली!"

बाराचे अठरा झाले, अठराचे तीस. हा आकडे वाढवत राहिला, पण ताई काही खेचराचं नाव काढेना.

नोंदणी सुरू झाली त्या दिवशी तो फॉर्म घेऊन तिच्याकडे गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत ताई खुर्चीत बसलेली, उजवा पाय स्टुलावर, गुडघ्याला जाडजूड पट्टा.

"परवा जिन्यातच गुडघा गेला," ती ओशाळून म्हणाली. "तुला फोनवर सांगायची लाज वाटली. डॉक्टर म्हणतात, दोन महिने पाय टेकायचा नाही आणि सहा महिने डोंगराचं नावही काढायचं नाही. यंदाचा रस्ता तोवर बंद होईल. तू एकटाच जाऊन ये. माझ्यापायी तुझी एवढी मेहनत फुकट जायला नको."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज तिला वाटत होती! गप्प बसला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता, आणि गप्प बसायचा मोह त्याला झालाही. पण त्या पट्ट्याकडे बघून जीभ आपोआप सुटली.

"ताई, मी जिने चढलोच नाही. ते सगळे लिफ्टचे मजले होते. कार्डावरचे."

"सगळे?"

"पहिले सहा सोडून. मला चालायचं नव्हतं गं. तू घाबरून खेचर मागशील, असं वाटलं."

तिने गुडघ्यावरचा पट्टा हाताने चाचपला.

"मी तर पहिल्या दिवशीच खेचर सांगणार होते," ती म्हणाली. "या वयात मला कसली आलीय शरम? पण तू तिकडे चाळीस चाळीस मजले चढतोयस म्हटल्यावर मी खेचरावर बसू आणि तुला एकट्याला चालायला लावू? तुला सोबत म्हणून चढत होते मी."

एवढं बोलून तिने डोळे मिटून घेतले. ती रागावली असती तरी चाललं असतं. फॉर्म हातात धरून तो तसाच उभा राहिला. ती बस म्हणाली नाही, आणि आपणहून बसायची त्याची हिंमत झाली नाही.