नाव घेऊन

कलीमनं राजानंदची कॉलर धरली, त्याला कुंवाऱ्यांच्या घोळक्यातून ओढून काढलं आणि त्याच्या दंडाला पांढरा रुमाल बांधला. गाठ दातानं आवळली.

"इतके साल तिकडून खेळून आम्हाला नाचवलं ना? आता इकडं ये. आता तू शादीशुदा."

"यंदाच्या साली चालवून घे की."

"कसं चालवू? तुझ्या लग्नात मी तीनदा बुंदी घेतली. गवाह हाय मी."

सगळे हसले. राजानंदही हसला आणि रुमालवाल्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

परतूरच्या कापसाच्या जिनिंगचं मैदान मार्च लागला की रिकामं होतं. ईदच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे बासी ईदला, तिथं हा सामना व्हायचाच. एकीकडं लग्न झालेले, दुसरीकडं बिनलग्नाचे. राजानंद कलीमच्या गल्लीतल्याच पोरांसोबत इथं फुटबॉल शिकला होता. पुढं पुण्याला गेला, कोलकात्याला गेला, केरळात खेळला, आता गोव्यात होता. पण बासी ईद त्यानं कधी चुकवली नव्हती.

वजनकाट्याच्या पत्र्याखाली बायका बसल्या होत्या. सुमेधा पहिल्यांदाच आली होती. कलीमची बायको नसरीननं तिच्या हातात शीरखुर्म्याची वाटी दिली आणि जवळ सरकली.

"एक कायदा सांगून ठेवते. ह्या मॅचमध्ये शादीशुदा माणसाला अंपायर बाहेर काढत न्हाई. त्याची बायको काढते. तिनं हाक मारली की निघायचं. काहून बोलवलं ते कोणी इचारायचं न्हाई, त्यानंही काही बोलायचं न्हाई."

"मंग तर सोपंय."

"सोपं कुठलं? नाव घेऊन बोलवावं लागतं. अहो-बिहो चालत न्हाई."

सुमेधा हसली. "तुम्ही बोलवलं का कधी?"

"एकदा. पाव्हणे आल्ते म्हणून. ह्यांचं नाव माझ्या तोंडातून निघालं न् सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या न्हाईत. तव्हापासून पाव्हणे आले तरी बसू देते."

खेळ सुरू झाला. सुमेधाला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. लग्नाला सात महिने झाले होते, त्यातले पाच राजानंद बाहेर. ती मोबाइलवर त्याचे सामने बघायची, पण क्यामेरा बॉलच्या मागं पळायचा. राजानंदनं बॉल दुसऱ्याला दिला की तो स्क्रीनमधून गायब. नवऱ्याला बघायचं म्हणून बसायची आणि भलत्याच माणसांना बघून उठायची. आज पहिल्यांदा तो डोळ्यासमोर होता. बॉल कुठंही जाऊ दे, तिनं नजर त्याच्यावरच ठेवली.

आणि तिला मजा वाटायला लागली. बॉल येण्याआधीच तो मान वळवून इकडं बघायचा, तिकडं बघायचा, हायवे ओलांडणाऱ्या माणसासारखा. बॉल आला की त्याला फार वेळ ठेवून घ्यायचा नाही. द्यायचा, आणि देऊन झाला की दुसरीकडंच कुठंतरी जाऊन उभा राहायचा. थोड्या वेळानं बॉल बरोबर तिथंच यायचा.

त्यानं एक बॉल असा सरकवला की शाळेतल्या बद्रीनाथ सरांना नुसता पाय लावायचा राहिला. पोट सांभाळत सरांनी तो लावला. गोल झाला. सर दोन्ही हात वर करून अर्धं मैदान पळाले आणि दम लागून खाली बसले.

"गोल तर सरनं केला," नसरीन म्हणाली. "तुझे मिस्टर काय करून राह्यले?"

"त्यांनीच दिला ना सरांना."

"देणाऱ्याला कोण इचारतं बाई."

तिकडं प्लास्टिकच्या खुर्चीवर सासरे बसले होते. तातेराव. त्यांचं खेळाकडं लक्ष कमी आणि शेजाऱ्यांकडं जास्त. "गुरुवारी डॉक्टरची तपासणी हाय गोव्याला. नुसती नावाला. झाली की दोन वर्षाचा करार." एवढ्या वेळात त्यांनी हे चार जणांना सांगितलं होतं. पाचवा येऊन बसला, तर त्याला सुरुवातीपासून.

त्यानंतर कधीतरी सुमेधाच्या हातातला चमचा वाटीतच थांबला.

राजानंद डावीकडंच वळत होता. उजवीकडं जायचं असलं तरी आधी डावीकडून पूर्ण गोल फिरायचा, ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर वळावा तसा. बघणाऱ्यांना ती त्याची कला वाटत होती. "वा, काय घुमवला," म्हणून टाळ्या पडत होत्या. पण ते सगळे बॉल बघत होते. ती त्याचा गुडघा बघत होती.

रविवारी विहारात वंदनेला तो खाली बसलाच नव्हता. शेवटपर्यंत दाराशी हात जोडून उभा. बाहेर आल्यावर चुलतसासू म्हणाली होती, मोठा माणूस झाला बाई, त्याला सतरंजी टोचती. सुमेधालाही राग आला होता. घरी ती त्याच्याशी तुटक बोलली, तरी तो गप्पच होता. आल्यापासून ताट घेऊन खाटेवरच बसत होता. मागच्या वर्षी ऑपरेशन झालेला गुडघा. "एकदम बराबर झाला," असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. तिलाही, वडलांनाही.

मग आज खेळायला काहून आला, हे तिचं तिलाच कळलं. बासी ईदला तो न्हाई म्हणाला असता, तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या परतूरला कळलं असतं.

तेवढ्यात कलीमचा पुतण्या अकिब उजव्या अंगानं धावत आला. राजानंदला वळता आलं नाही. दोघं धूळ उडवत पडले. अकिब टुणकन उठला. राजानंद आधी हातांवर आला, मग एका पायावर, मग दोन्ही. अकिबच्या पाठीवर थाप मारून हसला. ते हसू सुमेधाला ओळखीचं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली. हाक पत्र्याच्या बाहेरही गेली नाही.

खेळ परत चालू झाला. वाटी खाली ठेवून ती उठली आणि उन्हात आली. सासरे दहा पावलांवर होते. गल्लीतली पोरं, सरांच्या शाळेतली पोरं, सगळे होते. घरात भिंतीआडूनसुद्धा तिनं ते नाव कधी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

"राजानंद!"

बॉल अकिबच्या पायात होता, त्यानं तो तसाच सोडून दिला. मग शिट्ट्या सुरू झाल्या.

"गया," कलीम कमरेवर हात ठेवून म्हणाला. "पहिल्याच साली गया. आम्ही निदान दोन-तीन साल तरी टिकलो होतो."

"भाभी, थोडं राहू द्या ना, आम्ही जिंकून राह्यलो," बद्रीनाथ सर ओरडले.

"कायदा म्हणजे कायदा," नसरीननं पत्र्याखालून सुनावलं.

तातेरावांनी सुनेकडं बघितलं. मग उपरण्यात तोंड लपवून हसले आणि शेजाऱ्याला म्हणाले, "घरातून बोलवणं आलं. आता काय करता."

राजानंद मान खाली घालून, लाजल्यासारखं करत, टोमणे झेलत आला. एवढं मैदान चालताना त्यानं पाय जरासुद्धा ओढला नाही. वजनकाट्याच्या खोलीमागं वळला, आणि तिथं कोणी बघत नाही म्हटल्यावर भिंतीला हात टेकून उभा राहिला. सुमेधा मागोमाग आली. आता हा चिडणार, असं तिला वाटत होतं.

"लई उशीर केला," तो म्हणाला.

"काय?"

"कव्हापासून तुझ्याकडंच बघून राह्यलो."

तिनं त्याला काट्याच्या ओट्यावर बसवलं. गुडघा पायजम्यातूनही सुजलेला दिसत होता. तिनं हात ठेवला, तर गरम लागला.

"मला तरी सांगायचं."

"सांगणारच होतो. रविवारी तू रागावली, मंग राहून गेलं." तो म्हणाला, "डॉक्टर हात लावंल आणि त्याला कळंल. मला म्हाईत हाय. मलाच बोलायचंय त्याला आधी, की साहेब, आता होत न्हाई. पण दरवेळी तिथं गेलो की तोंडातून निघतं, फिट हाय. इतकी वर्षं तेच बोललोय."

मैदानातून कलीमचा आवाज येत होता. तो कुणालातरी मध्ये उभं राहायला सांगत होता, आणि कुणीच राहत नव्हतं.

"इथं तू बोलवलं म्हणून निघालो," राजानंद म्हणाला. "तिथं कोण बोलवणार?"

सुमेधानं ओढणीनं त्याच्या कपाळावरची धूळ पुसली. मग मोबाइल काढला आणि ती शिकवत होती त्या शाळेच्या मोठ्या बाईंना लावला.

"मॅडम, सुमेधा बोलतेय. मंगळवारपासून आठवडाभर मला रजा लागंल... न्हाई, घरी सगळं बरंय... गोव्याला चाललेय." तिनं त्याच्याकडं बघितलं. "राजानंदसोबत."

तो गुडघ्यावरच्या तिच्या हातावर आपला हात ठेवून बसला होता. मैदानात मोठा ओरडा झाला. कोणीतरी गोल केला होता. कोणी, ते दोघांनीही वळून बघितलं नाही.