एका दमात मला जमत नाही

खट्टक! मी ऐकलेला हा पहिला आवाज, आणि तो माझाच होता. कारखान्यातल्या टेबलावर माझी झडप पहिल्यांदा उघडून मिटली, तेव्हा तपासणीच्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "अगं, याला जन्मतःच उचकी लागलीय बघ!" आवाजाने फोटोचं काही बिघडत नाही म्हणून त्यांनी मला पास केलं. माझं शिक्षण एवढंच.

मी दुर्बिणीच्या पाठीला चिकटलेला कॅमेरा बोलतोय. जरा सावकाश बोलतो, सांभाळून घ्या.

आमची दुर्बीण डोंगरावरच्या एका खोलीत असते. खोलीचं छप्पर रुळांवरून बाजूला सरकतं. दुर्बीण चालवणारी माणसं मात्र लांब, आपापल्या घरी. ती संगणकावरून हुकूम पाठवतात, अमुक दीर्घिकेकडे वळ, झडप इतका वेळ उघडी ठेव. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं फार लांबचं, फार मोठं गाव. हुकूम सोडून माणसं झोपतात, जागतो मी, आणि सकाळी फोटो बघून बोलणी खातो तोही मीच.

तशी बोलणी रास्तच असतात. माझ्यात खोडी इतक्या, की अधूनमधून माझ्या तोंडावर झाकण लावून नुसत्या अंधाराचे फोटो काढतात. त्यातही मला ठिपके दिसतात, जे कुठेच नसतात. मग तेवढे ठिपके खऱ्या फोटोतून वजा करतात. माझा स्वभाव वजा केला की फोटो बरा येतो. माणसांत अशी सोय आहे का, मला माहीत नाही.

म्हातारपणी ठिपके वाढले. खोलीची देखभाल करणाऱ्या मेकॅनिकने एक दिवस नवा कॅमेरा आणून खोका टेबलावर ठेवला. नव्याला म्हणे झडपच नाही. उचकीचा प्रश्नच मिटला!

त्या दिवसांत एक जोडपं एका फिकट दीर्घिकेच्या मागे लागलं होतं. काका टपाल खात्यातून निवृत्त झालेले, काकू घरी शिवणकाम करणाऱ्या. मेकॅनिक त्यांच्याशी बोलताना फोन टेबलावर उताणा ठेवायचा, म्हणून मलाही सगळं ऐकू यायचं.

काकांनी आधी दहा मिनिटं झडप उघडी ठेवायला सांगितली. मला कोण आनंद! आज नव्याला दाखवतोच, म्हणून मी उजेड गिळत बसलो. सकाळी बघतात तर दीर्घिकेचा मधला भाग पांढराफटक, आणि भोवतीचे तारे तांदळाच्या दाण्यांसारखे लांबलेले. आकाश सरकतं तसतशी दुर्बीण फिरवणारी चाकं माझ्याच वयाची, इतका वेळ त्यांनाही नेम धरवत नाही.

काका घाबरले. दुसऱ्या रात्री पाच सेकंद, आणि माझी संवेदनशीलता, म्हणजे उजेड टिपायची हाव, शेवटच्या आकड्यावर. फोटोत नुसती वाळू. वाळू अर्थात माझी.

"काका, आजची रात्र बघतो," मेकॅनिक फोनवर म्हणाला. "फोटो बरा आला तर हा राहील. नाही तर उद्या सकाळी उतरवतो."

"अहो, तुम्ही नुसती टोकं गाठता!" पलीकडून काकूंचा आवाज आला. "एक तर दहा मिनिटं, नाही तर डोळ्याची उघडझाप!"

"मग तू सांग की."

"सांगतेच. लांब टाका घातला की कापड गोळा होतं. मिनिटामिनिटाचे फोटो घ्या, रात्रभर घ्या, मग एकावर एक चढवा सगळे. दादा, मिनिटभर जमेल ना हो त्याला?"

"मिनिटभर जमेल. त्यापुढे खात्री नाही."

माझी लायकी माझ्या तोंडावर काढली! पण खोटं काय होतं त्यात?

रात्रभर खट्टक, खट्टक. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मला झेपेल तेवढंच मागत होतं. तुमच्या घरी कुणी जुनं असेल, माणूस म्हणा, यंत्र म्हणा, त्याच्याकडे थोडं थोडं मागत जा. आम्ही देतो. एकदम मागितलंत तर आम्हीही तोऱ्यात हो म्हणतो आणि सगळं पांढरं करून ठेवतो.

सकाळी जोडलेला फोटो पडद्यावर आला, इथेही आणि काका-काकूंच्या घरीही. मेकॅनिकच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर तयार होता.

"अहो, तो खालचा हात बघा ना," काकू फोनवर हळूच म्हणाल्या. दीर्घिकेचा हात म्हणजे तिच्या गाभ्यातून वळत बाहेर गेलेली ताऱ्यांची रांग. "पार कडेपर्यंत गेलाय."

"दिसला गं. आणि मधलं जळून पांढरंही झालं नाही."

"दादा, आता काढणार का हो त्याला?"

"बघतो, काकू," म्हणून त्याने फोन बंद केला.

मग त्याने फोटो मोठा केला. आधी मधला गाभा, मग तो फिकट हात, जिथे तो अंधारात मिसळतो तिथपर्यंत. दोन-चार ठिपके माझेही राहिले होते, मी अंग चोरलं. त्याने स्क्रू-ड्रायव्हर खिशात टाकला, नव्या कॅमेऱ्याचा खोका काखेत मारला आणि जिना उतरून निघून गेला.