कोलूच्या स्वप्नाचा अर्थ

एटापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका गावात हेमराज पास्टर नऊ वर्षांपासून राहत होता. पत्र्याच्या प्रार्थनाघरात रविवारी पंचवीस-तीस माणसं जमत. एरवी लोक त्याच्याकडे स्वप्नं घेऊन येत. पूर्वी ते पुजाऱ्याकडे जायचे, आता पास्टरकडे. हेमराजने सांगितलेले दोन-तीन अर्थ खरे ठरले होते. ते त्याला आवडूही लागलं होतं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर कोलू पुढे आला. बाहेरगावचे दोन पाहुणे अजून बसून होते.

"पास्टरभाऊ, मले सपन पडलं. नाल्याकडचं मोहाचं झाड. खाली फुलांचा पांढरा सडा. आन् कोनीतरी मले नावानं बोलावून राह्यलं. तीनदा." तो जरा थांबला. "मले भेव वाटलं."

"भेव कायचं?" हेमराज पाहुण्यांना ऐकू जाईल असं हसला. "पांढरा सडा म्हनजे आशीर्वाद. हाक देवाची हाय. देव बोलावते तवा मानूस मांगं पाहत नाई. बिनधास्त जाय."

तिसऱ्या दिवशी कोलू पहाटेच मोहफुलं वेचायला निघाला. वाघ फिरतोय, एकट्याने जाऊ नका, असं वनखात्याच्या गार्डने गावात सांगितलं होतं. बायको रंभा आडवी आली. "पास्टरभाऊनं सांगतलं ना," असं म्हणून तो गेला. दुपारी गावकऱ्यांना झाडाखाली अर्धी भरलेली टोपली सापडली. कोलू नाल्यापलीकडे सापडला.

हेमराजनेच त्याला माती दिली. "देवानं त्याला बोलावून घेतलं," असं तो कबरीपाशी म्हणाला आणि लोकांनी माना डोलावल्या.

महिन्याभराने रंभा आली. भर दुपारची वेळ होती.

"रोज सपनात येते तो, भाऊ. उंबरठ्यावर बसते, माह्याकडं पाठ करून. बोलावलं तं वळत नाई. म्हनते, पास्टरभाऊले विचार, हाक कोनाची होती."

हेमराजकडे उत्तर तयार होतं. "रंभाबाई, मेलेलं मानूस परत येत नाई. सैतान मेलेल्याचं रूप घेऊन येते. प्रार्थना करा, जाईल."

"त्याचं सपन देवाचं, आन् माहं सैतानाचं. हे तुमी वळखता कसे?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो हातपंपावर तोंड धूत होता. नाल्याच्या बाजूने कुणीतरी म्हणालं, "हेमराज." एकदाच. तो वळला, कुणी नव्हतं. पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असं गावातले म्हातारे सांगत. या समजुतीविरुद्ध हेमराजने कितीदा तरी प्रवचन केलं होतं. तरी त्याने ओ दिली नाही.

तिसऱ्या पहाटे तो प्रार्थनाघरात गुडघ्यावर होता, तेव्हा हाक पाठीमागून, आतूनच आली. तीही एकदाच. त्याने देवाकडे खूण मागितली, आणि मागता मागताच तो थबकला. खूण मिळाली तरी तिचा अर्थ त्यालाच लावावा लागणार होता. त्याचा स्वतःच्या कानांवर विश्वास राहिला नव्हता.

रविवारी आश्रमशाळेत शिकणारी दिव्यानी उठून उभी राहिली. तिची आई कित्येक दिवसांपासून तापाने पडून होती. "पास्टरभाऊ, माही आई सपनात नदी ओलांडून जाऊन राह्यली..."

"थांब," हेमराज म्हणाला. "पयले माहं आयका. कोलूनं सांगतलं होतं, त्याले भेव वाटलं. ते मी सोडून देलं. पाहुणे बसले होते, मले गोड अर्थ पाह्यजे होता. देवानं मले काईच सांगतलं नोयतं. बोललो तो मी."

मंडळीतले सर्वांत वयस्कर गुणवंतराव उठून निघून गेले. त्यांच्यामागे आणखी चौघं गेले. रंभा बसून राहिली. मग म्हणाली, "इथी नाई. झाडाजवळ सांगा."

सात जण काठ्या घेऊन तिच्याबरोबर निघाले. फुलांचा हंगाम संपला होता. मोहाखाली पालापाचोळा होता आणि पाखरांचा आवाजही नव्हता. हेमराजने गुडघे टेकले.

"कोलू, हाक माही होती," तो म्हणाला. मृतांशी बोलू नये असं तो आयुष्यभर शिकवत आला होता. देवाचं नाव त्याने त्यानंतर घेतलं. किती तरी वेळ तो रडत होता.

"झालं," रंभा म्हणाली आणि वळली.

परतताना सगळ्यात पुढे चालणाऱ्या झिंगूने मागे वळून माणसं मोजली. पुन्हा मोजली, एक माणूस जास्तच भरत होतं. मग तो भराभर चालू लागला. गाव येईपर्यंत कुणीच मागे पाहिलं नाही.

त्या रात्रीपासून रंभाला झोप लागू लागली. हेमराजलाही पुन्हा हाक आली नाही. देवाने पास्टरला माफ केलं, असं लोक म्हणाले. हेमराजने मात्र त्याला दुजोरा दिला नाही.

पुढच्या रविवारी निम्मी जागा रिकामी होती. दिव्यानी आली आणि तिने स्वप्न पुन्हा सांगितलं. नदीला पाणी किती होतं, आईने वळून पाहिलं का, तुला काय वाटलं, असं हेमराज तिला एकेक विचारत गेला. सगळं ऐकून म्हणाला, "अर्थ मले नाई मालूम, बाई. आपन तुह्या आईसाठी प्रार्थना करू. आन् उद्या मी तिले दवाखान्यात घेऊन जातो."

"पन ती बरी होईन ना?"

'होईल' हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला होता. पोरीचे डोळे त्याच्यावर खिळले होते. त्याने तो शब्द गिळला, आणि दोघं शेजारी शेजारी गुडघ्यावर बसली.